पांढुरकं पाणी

ट्यूबच्या तोंडाशी क्रीमचा एक पांढरा थेंब आला, थांबला आणि पुन्हा आत गेला... जणू त्यालाही आज बाहेर यायचं नव्हतं. दत्तात्रयने शेपटाकडची घडी अजून एकदा दाबली. समोर पाटावर निर्मला डोळे मिटून बसली होती, हनुवटी किंचित वर, हात मांडीवर. बोटांची पेरं सुजलेली, ट्यूबचं झाकण तिला उघडत नाही, म्हणून हे काम त्याचं. एकतीस वर्षांच्या संसारात भर उजेडात तिच्या तोंडावरून हात फिरवायची वेळ आली ती इंदूरच्या डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठीमुळे. पहिल्या दिवशी त्यानं बोट असं जपून टेकवलं होतं, जसं लहानपणी मूर्तीला गंध लावताना टेकवायचा.

ल्युपस, म्हणाल्या होत्या बाई, अंगच अंगावर उलटतं असं दुखणं. ऊन हेच हिचं विष. गेल्या वैशाखात ते किडनीपर्यंत पोचलं होतं. पुन्हा भडकलं तर... हे वाक्य बाईंनी अर्धंच सोडलं, आणि तेव्हापासून तो ते मनात पुरं होऊ देत नव्हता.

उन्हापासून राखणारी ही ट्यूब बुधवारा पेठेतल्या मेडिकलमधून आणलेली. काउंटरवरच्या दीपालीनं चार जाती पुढ्यात मांडल्या. "काकाजी, तीसवालं की पचासवालं? काकूंची स्किन ऑइली आहे का?" त्याला काय ठाऊक! त्यानं विचारलं ते भलतंच. "बाई, यात चरबीबिरबी नाही ना? तिला वीणा घ्यायची असते गळ्यात." पोर खळखळून हसली. "टेन्शन मत लो काकाजी, व्हेज आहे. पचासवालं घेऊन जा." आणि पैसे परत देतादेता म्हणाली, "पण दर दोन घंट्यांनी लावा हं. तोंड धुतलं की लगेच परत."

तोंड धुतलं की.

ऐकलं होतं. दोन्ही कानांनी ऐकलं होतं मी.

राजपुऱ्यातल्या मंदिराचा सप्ताह. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची. दुपारी बारा ते दोनचा पहारा निर्मलाचा. मंडपाचं कापड इतकं विरलेलं की ऊन त्यातून पिठासारखं चाळून खाली पडायचं, आणि ती त्या उन्हात उभी, डोळे मिटलेले, तार छेडत... आजारी बाई वाटायचीच नाही. आणि दत्तात्रयची सेवा कुठली? दाराशी तांब्या घेऊन उभं राहायचं, पहाऱ्याला येणाऱ्याच्या हातापायांवर पाणी घालायचं. बाकीचे हातपाय धुवायचे. निर्मला ओंजळ पुढे करायची, तो ओतायचा, आणि ती तोंडही धुवायची, खसखसून, दोनदा. देवापुढे जायचं तर तसंच पारोसं तोंड घेऊन कसं जायचं?

साडेअकराला घरी लावायचं. बाराला दाराशी धुऊन टाकायचं. लावणारा मी. धुणारा... मीच.

दुसऱ्याच दिवशी तिच्या ओंजळीतलं पाणी पांढुरकं होऊन फरशीवरून मोरीकडे गेलं होतं. रांगोळी असेल, असं त्याला वाटलं. नाही... वाटून घेतलं. कारण त्याच क्षणी तिनं पदरानं तोंड टिपत त्याच्याकडे पाहिलं होतं, आणि किती वर्षांनी ती अशी हसली होती! त्या हसण्यापुढे दीपालीचं बोलणं कोणाला आठवतं? पाच दिवस तो तसाच ओतत राहिला. रात्री कीर्तनात बुवा म्हणाले, देव सावली धरतो, पण सावलीला येऊन उभं आपणच राहायचं असतं. सगळा मंडप डोलला. तोही डोलला, टाळ वाजवला. अर्थ मात्र आत्ता, या पाटापुढे उकिडवं बसल्यावर लागत होता.

कारण दोन्ही गालांवर ते आलं होतं. नाकाच्या दोन बाजूंना, पंख पसरल्यासारखं, लाल. काल संध्याकाळी नव्हतं. गेल्या वैशाखातही आधी हेच आलं होतं.

"झालं का?" निर्मलाने डोळे न उघडताच विचारलं. "सांगतेची दिंडी नऊला निघंल. भागाबाई बोलवायला येऊन बी जाईल."

तेवढ्यात भागाबाई दारात उभीच. शेजारीण, जिभेला हाड नाही. "काय व निर्मला, आज बी पीठ थापताय का भाऊ? म्हातारपणी नवरीला हळद लागून राहिली पाहा!"

"तू पण लावून घे," निर्मला म्हणाली. "पण घरचा माणूस लागतो त्याला."

दोघी हसल्या. भागाबाई जवळ आली, गाल पाहिले आणि हसता हसता थांबली. "तोंड लाल का गं दिसतंय?"

"गरम होतंय ना, माय."

दत्तात्रयचं बोट कपाळावरच अडकलं. आता सांगावं. म्हणावं, आज नको दिंडी. नाहीतर निदान तोंड धुऊ नकोस, हातपाय पुरेत, देव काही म्हणायचा नाही. पण मग ती विचारील, आजच का? मग ते पाच दिवस सांगावे लागतील, आणि ते पाच दिवसच तर तिचे आहेत. वर्षभरात दुसरं काय आलं तिच्या वाट्याला? न सांगावं तर... ते अर्धं वाक्य पुन्हा समोर येऊन उभं राहिलं, आणि या वेळी त्याचं पुढचं टोक दिसत होतं.

"अहो," निर्मला हलकेच म्हणाली, "आज वीणा माझ्या गळ्यात देणार आहेत, दिंडीत. पाणी तुम्हीच घाला बरं. तुमच्या हातचं पडलं की मन निवतं."

त्यानं मान हलवली. तिचे डोळे मिटलेले, तिला कुठून दिसणार?

लाल पंखांवर त्यानं क्रीम पसरलं, हळू, आणखी थोडं, मग आणखी, अगदी काही दिसेनासं होईपर्यंत. तिच्या गालाची ऊब बोटांना लागत राहिली. सवयीनं ओठ देवाचं नाव घ्यायला हलले... आणि मध्येच थांबले. काय मागायचं, तेच त्याला सुचेना. जन्मात पहिल्यांदा. गुडघ्यावर टेकलेल्या आपल्या उजव्या हाताकडे तो पाहत राहिला. लावणारा हाच, ओतणारा हाच. थोड्या वेळानं यातच तांब्या येईल.