सात तुझ्या, सात माझ्या

चाकणच्या कंपनीत रंभाचं काम एवढंच होतं, की एका पिशवीत सात बोल्ट, सात नट आणि सात वॉशर टाकायचे, पिशवीचं तोंड चिकटवायचं आणि पुढची पिशवी घ्यायची. सहा वर्षं हेच. आता तिला मोजावं लागत नसे, मुठीत सात आले की मूठ आपोआप मिटे. सुपरवायझर गमतीने म्हणायचा, रंभाबाईंच्या बोटांना डोळे आहेत. बोटांना असतीलही, पण बाकीच्या रंभाला हल्ली काही दिसत नसे आणि मनाला काही लागतही नसे. पूर्वी ती अशी नव्हती.

चार वर्षांपूर्वी तिचा दिग्विजय एका सकाळी सुजलेला उठला. डोळ्यांच्या नुसत्या फटी, पोट तुंबलेलं. शेजारीण म्हणाली, रात्री काहीतरी चावलं असेल. चावलं-बिवलं काही नव्हतं. पोराची मूत्रपिंडं बिघडली होती आणि रक्तातली प्रथिनं लघवीवाटे गळून जात होती. स्टेरॉइड दिलं की गळती थांबे, बंद केलं की दोन महिन्यांत पुन्हा सुरू. त्या औषधाने गाल फुगले, भूक वखवखली आणि उंची मात्र दाराच्या कडीपाशी अडून बसली. रोज सकाळी त्याच्या लघवीत एक कागदी पट्टी बुडवायची. पिवळी राहिली तर दिवस बरा, हिरवी झाली तर पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्यांदा पट्टी हिरवी झाली तेव्हा रंभा मोरीतच बसून रडली. दुसऱ्यांदा तिने देवाला बोल लावले, तिसऱ्यांदा नवऱ्याला. सातव्यांदा तिने पट्टी कचऱ्यात टाकली, वहीत ‘हिरवी’ असं लिहिलं आणि कणीक मळायला घेतली. पिंपळे गुरवच्या त्या गल्लीतल्या बायका म्हणाल्या, काय धीराची बाई आहे! धीर कसला आलाय डोंबलाचा. सारखी एकाच जागी ठेच लागली की ती जागा बधिर होते, त्याला धीर म्हणत नाहीत.

अशात पिंपरीच्या हॉस्पिटलात विजयश्री मॅडमनी तिला बोलावून घेतलं. मॅडम लहान मुलांच्या मूत्रपिंडाच्या डॉक्टर आणि तिथलं संशोधन त्याच बघत. एक नवी गोळी आली होती, अजून दुकानात मिळत नव्हती. जुनी औषधं चालू ठेवून ती एक दिवसाआड द्यायची. निम्म्या मुलांना खरी गोळी, निम्म्यांना अगदी तशीच दिसणारी रिकामी. कुणाच्या वाट्याला कुठली, ते बंद पाकिटात.

“तुमाला तरी म्हाईत असंलच की, मॅडम,” रंभा म्हणाली.

“नाही ना. कळलं तर मी त्याच मुलाकडे चांगल्या डोळ्यांनी बघेन. मग गोळी खरंच लागू पडते का, हे कुणालाच कधी समजायचं नाही.”

फॉर्म अकरा पानांचा होता. चार वर्षं दवाखान्यात काढलेली आई अकरा पानं वाचत नाही, सही कुठे करायची तेवढं विचारते. रंभानेही तेच केलं.

ताजुन्निसा तिला तिथल्याच बाकावर भेटली. देहूरोडची, नवऱ्याचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज. तिची उझ्मा सात वर्षांची, दिग्विजय आठचा. आजार एक आणि वजनंही जवळपास सारखी, त्यामुळे दोघांना एकाच मापाची गोळी. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, आणि इथे तर दोघींचं एकच जळत होतं. दुसऱ्या भेटीपर्यंत त्या एकमेकींना अगं-तुगं करू लागल्या.

त्या दुसऱ्या भेटीला दिग्विजयचा चेहरा उतरलेला होता, म्हणजे चांगल्या अर्थाने, सूज उतरून हनुवटी दिसू लागली होती. उझ्मा मात्र फुगून आलेली. नव्या बाटल्या हातात घेऊन दोघी हॉस्पिटलच्या मागे, सायकल स्टँडच्या पत्र्याखाली बसल्या. प्रत्येकीकडे चार आठवड्यांच्या चौदा गोळ्या.

ताजुन्निसा बराच वेळ बाटलीशी चाळा करत राहिली आणि एकदम म्हणाली, “रंभा, एक विचारू? अर्ध्या अर्ध्या करू या का? तुझ्या सात मला, माझ्या सात तुला. दोघींपैकी एकीची तरी खरी असेल. कुणाचं पोर कोरडं राहायला नको.”

रंभाने दिग्विजयच्या हनुवटीकडे पाहिलं. खरी आपलीच आहे, तिला पक्कं वाटलं. पोराच्या तोंडावर दिसतच होतं. तरी ती हो म्हणाली. बाटली उपडी केली आणि बोटांनी न मोजताच सात उचलून ताजुन्निसाच्या ओंजळीत टाकल्या. घरी परतताना तिला किती तरी दिवसांनी बरं वाटलं. आपल्या लेकराच्या घासातला घास आपण दुसऱ्याच्या लेकीला दिला होता. कुणाला सांगायची सोय नव्हती, पण देणाऱ्याला आतून एक ऊब असते, ती तिला पुरली.

ताजुन्निसाच्या सात ती कंपनीतून आणलेल्या बोल्टच्या पिशवीत वेगळ्या ठेवी. एक दिवस आपली, मधला दिवस सोडून एक तिची. पाच महिने असं चाललं. पाचही महिने दिग्विजयची पट्टी पिवळी राहिली आणि उझ्माची दोनदा हिरवी झाली. मॅडम कागद भरत होत्या, पट्टीच्या वह्या तपासत होत्या, रिकाम्या बाटल्या परत घेत होत्या. बाटलीत काही उरत नव्हतं, म्हणजे औषध नीट घेतलं जातंय, अशी नोंद होत होती.

सहाव्या महिन्यात दिग्विजयला ताप आला. तोंडात फोड आले, पाणीही गिळवेना. रंभाने गोळ्या थांबवल्या आणि त्याला पिंपरीला नेलं. रक्त तपासलं, तर जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी अगदी तळाला गेलेल्या. त्याला दाखल करून घेतलं. दुपारी मॅडम एक पाकीट घेऊन वॉर्डात आल्या. म्हणाल्या, “रंभाताई, या नव्या गोळीने कधी कधी पेशी उतरतात. त्यामुळे आता पाकीट उघडणं भाग आहे.” त्यांनी तिच्यासमोरच कड फाडली, चिठ्ठी वाचली आणि कपाळाला आठी घातली.

“दिग्विजयची गोळी रिकामी होती.”

रंभाने पोराच्या अंगावरची चादर वर ओढली.

“म्हणजे पेशी गोळीमुळे उतरलेल्या नाहीत, कारण दुसरं आहे,” मॅडम सावकाश सांगू लागल्या. “उद्या दहा वाजता कंबरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढू. रक्ताचा काही मोठा आजार नाही ना, ते बघायला हवं. आणि बघा, रिकाम्या गोळीवर तुमचा मुलगा पाच महिने छान राहिला. खरी घेणारी काही मुलं मात्र पुन्हा पुन्हा सुजतायत. कदाचित या गोळीत दमच नसेल.”

कुणाचं नाव त्यांनी घेतलं नाही, पण रंभाला दोन वेळा सुजलेली उझ्मा दिसली. मोठा आजार म्हणजे कुठला, हेही तिला कळलं. कळलं आणि आत काही हललं नाही. तिने पोराच्या ओठांना तूप लावलं, उशी सरळ केली. मग हळूहळू, शिफ्ट सुटल्यावर गेटमधून एकेक माणूस बाहेर पडावं तसं, एकेक तिच्या ध्यानात आलं. आपल्या बाटलीतल्या गोळ्या रिकाम्या होत्या. तरी पोराच्या पेशी गोळीनेच उतरल्या असणार, म्हणजे खरी ताजुन्निसाची होती. पाच महिने देत होती ती ताज, घेत होते ते आपण. दिगूची पिवळी पट्टी त्या पोरीच्या बाटलीतून आली असेल आणि अर्धं औषध मिळाल्यानेच ती पोर सुजली असेल.

सांगावं तर दोन्ही मुलं संशोधनाबाहेर जाणार, आणि जी गोळी दुकानात मिळत नाही ती उझ्माच्या तोंडची जाणार, तीही खरी आहे हे कळल्यावर. न सांगावं तर आपल्या लेकराच्या हाडात उगीच सुई. कुठल्याही आईला घाम फुटला असता. रंभा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली. आपल्याला काहीच कसं वाटत नाही, याचंच तिला नवल वाटत होतं.

सकाळी तिने ताजुन्निसाला फोन लावला. आधी तिला सांगायचं, मग मॅडमना, असं ठरवून. पण फोन उचलताच ताजुन्निसा म्हणाली, “अगं रंभा, आज पिवळी आली! अठरा दिवसांनी. मी तुलाच फोन करणार होते. दिगू कसा आहे?”

“हाय बरा,” रंभा म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

दहाला सिस्टर झाकलेला ट्रे घेऊन आली. दिग्विजयने ट्रेकडे पाहिलं. रडला नाही, मुकाट्याने कुशीवर वळला आणि सदरा वर करून कंबर उघडी केली. कुणी सांगितलंही नव्हतं. आठ वर्षांचं पोर इतकं शहाणं झालेलं पाहून रंभा जागची उठली. हा आपल्यासारखाच झाला, तिच्या मनात आलं. ह्यालाही काही लागेनासं झालं.

“थांबा,” ती म्हणाली. “मॅडमला बोलवा. त्यानं खरी गोळी खाल्लीय.”

मॅडमनी सगळं उभ्यानेच ऐकलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर रंभाला सोपं गेलं असतं. त्यांनी ट्रे परत पाठवला.

“आता गोळी पूर्ण बंद. आठवडाभर पेशींवर लक्ष ठेवू, वाढू लागल्या तर सुई नको. त्या मुलीचं रक्त आजच बघायला हवं, तिच्या आईला बोलवा. आणि हे मला वर कळवावं लागेल. दोघांनाही पुढे गोळी देता येणार नाही.” मग दाराशी थांबून त्या हळू आवाजात म्हणाल्या, “निदान मला एकदा विचारायचं तरी.”

दुपारी ताजुन्निसा उझ्माला घेऊन आली. मॅडमनी तिला आत नेऊन जे सांगायचं ते सांगितलं. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा कोरा होता. दोघी व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. उझ्मा समोरच रक्त घ्यायच्या रांगेत उभी राहून यांच्याकडे बघून हात हलवत होती.

“भाभी, मला मार पायजे तर,” रंभा म्हणाली. “मला वाटायचं माझीच खरी हाय. तुला देतेय म्हणून मनात फुगून बसले व्हते.”

ताजुन्निसा पदराच्या टोकाला गाठ मारत राहिली.

“मलाही तुझीच खरी वाटायची,” ती म्हणाली. “दिगूचा चेहरा बघितला ना त्या दिवशी, म्हणून तर मी वाटून घ्यायचं काढलं. दोघांचं भलं व्हावं म्हणून नाही गं. तुझ्यातलं घ्यायचं होतं. तुला कसं सांगू, महिनाभर झोप लागली नाही मला.”

रंभाने पिशवीतून बोल्टची ती छोटी पिशवी काढली. ताप आल्यावर उरलेल्या पाच गोळ्या त्यात होत्या. सकाळी मॅडमना बाटली दिली, पण या पिशवीकडे हात गेला नव्हता. तिने ती ताजुन्निसाच्या हातात ठेवली.

“ह्या तुझ्या. खऱ्या हायेत. कुनाला म्हाईत न्हाई.”

एक दिवसाआड पाच, म्हणजे दहा दिवस. ताजुन्निसाने मूठ मिटली. किती तरी वेळ ती मिटलेल्या मुठीकडेच बघत होती.

“दिगूला ह्यानेच झालं?”

“व्हय.”

“आणि माझ्या उझ्माला ह्यानेच बरं वाटेल?”

रंभाला हो म्हणायचं होतं. मैत्रिणीला एवढं तरी द्यावं, असं फार वाटलं. पण तोंडून खरं तेच निघालं. “म्हाईत न्हाई, भाभी. तेच तर बघणार व्हत्या मॅडम. आता आपल्या दोघींपायी तेबी कळायचं न्हाई.”

आत उझ्माच्या नावाचा पुकारा झाला. ताजुन्निसा उठली. रंभाला वाटलं, ती पिशवी आता चोळीत जाईल, आणि गेली असती तरी रंभाने कधी कुणाला सांगितलं नसतं. पण ताजुन्निसा सरळ मॅडमच्या टेबलापाशी गेली आणि तिने मूठ उघडली.

“मॅडम, ह्या राहिल्या होत्या. लिहून ठेवा. दुसऱ्या मुलांचा तरी हिशेब चुकायला नको.”

मग ती उझ्माचा हात धरायला आत गेली. मॅडमनी गोळ्या कागदावर ओतल्या, पेनच्या टोकाने एकेक बाजूला सारत मोजल्या आणि दारात येऊन उभ्या राहिलेल्या रंभाला विचारलं, “पाचच ना?”

रंभाने मान हलवली. तिचे गाल ओले झाले होते, आणि आपण रडतोय हे तिला उशिराच कळलं. मॅडमनी वहीत पाच लिहिलं.