हद्दीवरचं घर

राग्ना माळावरून वाळलेल्या शेणाची पाटी भरून आली, तेव्हा तिचा नवरा हाल्वोर बोचकं बांधत होता. अमेरिकेत, डाकोटातल्या नव्या वस्त्यांचा हाच रिवाज होता. पीक निघालं की पुरुषांनी रेल्वेच्या कामावर जायचं आणि बायकांनी जमीन राखायची. सरकार जमीन फुकट देई, पण पाच वर्षं तिच्यावर राहून दाखवावं लागे. घर रिकामं दिसलं की दुसरा कोणी हक्क सांगायला टपलेलाच. त्यात, नॉर्वेत ज्यांना वीतभर जमीन मिळाली नव्हती ती माणसं इथे घर बांधत ते अगदी मधोमध, चहूकडे आपलंच दिसावं म्हणून. एका घरातली हाक दुसऱ्या घरी पोचत नसे.

"मार्चमध्ये येतोच," हाल्वोर म्हणाला. "पीठ आहे, बटाटे आहेत, गाय आहे. तुला कमी काय?"

"काल शेजारी मारितकडे गेले होते. तिचा नवरा कामावर गेलासुद्धा. मला दारातच उभं केलं तिने, आणि कोंबड्यांना विचारलं, ही बाई कोण?"

"ती पहिल्यापासून जरा तशीच."

"पहिल्यापासून? इकडे येताना बोटीवर सगळ्यांना हसवून बेजार करायची ती! गेल्या हिवाळ्यात तिचं तान्हं गेलं. जमीन गोठलेली, खणता येईना. बर्फ वितळेपर्यंत लेकराला घरात ठेवून एकटी बसली होती." राग्नाने पोटावर हात ठेवला. "माझे नाताळात दिवस भरतील, हाल्वोर."

त्याने बोचक्याची गाठ आवळली. "सगळ्यांच्याच बायका राहतात."

"आणि तुम्ही पुरुष तिकडे? वीसजण एका खोपटात. पत्ते, गाणी, भांडणं! घोरायलासुद्धा सोबत लागते तुम्हाला. जमीन मी राखीन, पण एकटी नाही राखणार. हद्दीवर घर बांधू. माझी खाट आपल्या जमिनीत, मारितची तिच्या. कायद्याचं काय बिघडलं?"

"चांगलं उभं घर सोडून? लोक हसतील!"

"हसू देत. कुणाचं हसणं कानावर तरी पडेल."

"इथे भिंती रचत बसलो तर तिकडचं काम जाईल." त्याने बोचकं खांद्यावर टाकलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या बापाने, शेजाऱ्याने, सगळ्यांनी जे केलं तेच तो करत होता.

तो दिसेनासा झाल्यावर राग्नाने बैल जुंपले आणि हद्दीच्या खुंटीपाशी नांगर घातला. गवतासकट मातीचे लांब पट्टे निघाले. फावड्याने तिने त्यांचे ठोकळे पाडले. थांबत, धापा टाकत एकावर एक रचू लागली.

दूर मारित आपल्या दारात उभी होती. बराच वेळ नुसती उभी. मग ती माळ तुडवत आली आणि ठोकळ्याचं दुसरं टोक तिने उचललं. दुपारपर्यंत गुडघाभर भिंत उठली.

"दार कुणीकडे ठेवायचं?" मारितचा आवाज घोगरा येत होता, न वापरलेला.

"तुझ्याकडे," राग्ना म्हणाली.