संगणकातली वीस जून

परंड्याच्या एसटी स्टँडसमोर व्यंकटचं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान. आलेलं माणूस किती नडलंय, हे तो खुर्ची पुढं सरकवता सरकवताच ताडायचा. गौरीचं तर ताडायचीही गरज नव्हती. नर्सिंगच्या प्रवेशासाठी कॉलेजांची पसंती भरायची मुदत आज पाचपर्यंत होती आणि साडेचार वाजले होते. तिच्या फोनवर यादी पुढं सरकेना, म्हणून ती पळत इथं आली होती.

इथं तर साइटच उघडेना. पडद्यावर लाल त्रिकोण आणि खाली, 'तुमचं कनेक्शन खासगी नाही.'

असले त्रिकोण व्यंकटनं पुष्कळ ओलांडले होते. न वाचता 'प्रगत' दाबायचं आणि पुढं जायचं. आज पुढं जायचं बटणच नव्हतं. मग त्यानं सेटिंगमध्ये शिरून सुरक्षित ब्राउझिंग बंद केलं, अँटिव्हायरस झोपवला, साइटला हव्या त्या परवानग्या देऊन टाकल्या. घराची दारं एकेक करून काढून ठेवावीत तसं चाललं होतं, आणि त्रिकोण जागचा हलत नव्हता. पावणेपाच झाले. गौरीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून गुंडाळून बोट पांढरं केलं होतं.

शेजारी बब्रुवान अण्णा बसले होते, सोसायटीचे माजी चेअरमन. हातात विहिरीच्या अनुदानाच्या अर्जाची ताजी पानं, प्रिंटरमधून अजून दोन निघायची होती. पोरीचं उद्या बघ, असं त्यांनी दोनदा सुचवून झालं होतं.

गौरी पडद्याजवळ वाकली. "काका, हितं बारीक लिवलंय. तुमच्या संगणकाचं घड्याळ मागं हाय म्हणून." तिची नजर खालच्या कोपऱ्यात गेली. "वीस जून दावतंय. आज तर नऊ ऑगस्ट हाय."

व्यंकटनं माउसवरचा हात काढला. तारीख मघाशी त्यानंच मागं ओढली होती. अनुदानाची मुदत जूनमध्येच संपली होती आणि अण्णांच्या पानांवर छापताना जूनची तारीख उमटायला हवी होती.

बाकावर रेशनकार्डासाठी बसलेल्या गिरिजाबाईंनी मान वर केली. त्यांचा विहिरीचा अर्ज मागच्या आठवड्यात, मुदत गेली म्हणून, व्यंकटनंच परत केला होता.

"माझी दोन पानं काढ आधी," अण्णा हळूच म्हणाले.

चार पन्नास. अण्णांना नाही म्हणणं व्यंकटला कधी जमलं नव्हतं. पण पोरीचं वर्ष जाणार होतं, आणि तेही गिरिजाबाईंच्या डोळ्यांदेखत. त्यानं अण्णांकडं न बघता तारीख नऊ ऑगस्ट केली.

साइट उघडली. गौरीनं एकेक कॉलेज निवडलं. चार अठ्ठावन्नला पोच आली तेव्हा कुठं तिनं श्वास सोडला.

ती उठली तशा गिरिजाबाई तिच्या खुर्चीत येऊन बसल्या.

"रेशनकार्ड राहू दे, व्यंकट. माझा बी इहिरीचा अर्ज काढ. जूनचाच काढ."

अण्णांनी हातातली पानं पालथी केली.