एका पानावर एक चूक

"बाई, तुमच्या भाचीनं नाव काढलं हो!" असं म्हणत मुख्याध्यापकांनी भाचीच्या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकाची नमुना प्रत इंग्रजीच्या बाईंच्या हातात ठेवली. "आपल्या संस्थेच्या सगळ्या शाळांत सहावी-सातवीला आता हेच लागणार. उद्या सकाळी छपाईला जातंय. तुम्ही सगळ्यांत ज्येष्ठ, तेव्हा 'तपासले' म्हणून तुमची सही तेवढी करून आणा."

बाईंचा चेहरा फुलला. भाची त्यांच्याच घरी वाढलेली आणि त्यांच्याच शब्दावर दोन वर्षांपूर्वी या शाळेत शिक्षिका म्हणून चिकटलेली. पोरीनं पुस्तकाचा पत्ताही लागू दिला नव्हता. आपल्याला चकित करायचं असेल, असं मनाशी म्हणत त्यांनी पान उलटलं.

'अवर डोअर कॉफ्स लाइक ग्रँडपा.' आमचं दार आजोबांसारखं खोकतं. हे वाक्य अकरा वर्षांपूर्वी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं उपमा शिकताना दिलं होतं आणि बाईंनी तिथल्या तिथं वहीत उतरवून घेतलं होतं. पुढचं वाक्यही वहीतलंच होतं, त्याच्या पुढचंही. सव्वीस वर्षं पोरांच्या तोंडून वेचलेलं सगळं पुस्तकात आयतं येऊन बसलं होतं. गेल्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजा घेतली तेव्हा वही त्यांनीच भाचीला दिली होती, आपला वर्ग सांभाळायला. मुखपृष्ठावर एकच नाव होतं आणि ते बाईंचं नव्हतं.

स्टाफरूममध्ये चहा आला. बाईंनी तो तसाच निवू दिला. पानं उलटता उलटता त्यांना आणखी एक गोष्ट दिसली.

बाईंची शिकवायची एक खोड होती. वहीच्या प्रत्येक पानावर त्या मुद्दाम एक चूक पेरून ठेवत. उपमांच्या रांगेत एक रूपक, क्रियाविशेषणांत एखादं विशेषण. मग ते पान फळ्यावर उतरवायचं आणि सांगायचं, "यात एक चोर आहे, पकडा." अख्खा वर्ग फळ्यावर तुटून पडे. पण हा खेळ वहीत कुठंच लिहिलेला नव्हता. तो बाईंच्या डोक्यात होता. भाची त्यांच्या वर्गात कधी बसली नव्हती, आणि रजेच्या दोन महिन्यांत तिनं वहीतलं नुसतं उतरवून दिलं होतं. पुस्तकातही सगळे चोर साळसूदपणे छापले गेले होते. चोरी करतानासुद्धा पोरीचा मावशीवर पूर्ण विश्वास होता, याचं बाईंना हसू यावं की रडू, तेच कळेना.

सही न करता मुख्याध्यापकांना सगळं सांगता आलं असतं. किंवा मुकाट्यानं सही ठोकून मोकळं होता आलं असतं. चार महिन्यांत शाळाशाळांतून भाचीची शोभा झाली असती. हा दुसरा विचार बाईंना घरी जाईपर्यंत गोड वाटत राहिला. खोटं कशाला बोला?

दुपारी भाची घरी आली. जेवणाच्या टेबलावर पुस्तक आणि वही शेजारी शेजारी पाहून ती दारातच थांबली.

"मावशी, मी सांगणारच होते."

"कधी? छापून झाल्यावर?"

"विचारलं असतं तर वही तू छापायला दिली असतीस का?"

"हो. दिली असती."

भाचीला हे उत्तर नको होतं. ती एकदम तडकली. "व्याकरण काय कुणाच्या मालकीचं असतं का गं? उपमा ती उपमा! आणि तू काय करणार होतीस त्या वहीचं? दोन वर्षांत रिटायर होशील, वही माळ्यावर जाईल."

बाईंना हे फार लागलं. लहानपणी तापात उशाशी बसून जिच्या कपाळावर घड्या ठेवल्या ती पोर आपल्या आयुष्याला माळा दाखवत होती. त्यांनी आवाज चढवला नाही.

"चौथं पान काढ. तिसरं वाक्य वाच."

"माय ब्रदर इज अ मंकी," भाचीनं वाचलं. "माझा भाऊ माकड..." तिचा आवाज बारीक झाला. "अगं, ही उपमा कुठाय? हे तर रूपक झालं."

बाईंनी तिला खेळ समजावून सांगितला. भाचीनं पुस्तक स्वतःकडे ओढलं.

"किती आहेत अशा?"

"पानं किती आहेत?"

"अडतीस."

"तेवढ्याच."

"मावशी, माझी लाज राख गं."

बाईंनी लाल पेन उघडलं. "तुझ्यासाठी नाही करत. पोरं हे पाठ करतील."

एकेक पान पुढं सरकू लागलं. बाई चूक खोडत होत्या, बाजूला दुरुस्ती लिहीत होत्या. भाची पानं उलटून देत होती. मग एकतिसावं पान आलं. चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीव वस्तूला माणसासारखं वागवणं. पाचवं वाक्य होतं, 'हिज चेअर स्टिल वेट्स अ‍ॅट द विंडो.' त्यांची खुर्ची अजून खिडकीशी वाट बघते.

यजमान गेले त्या वर्षी बाईंनी ते वहीत लिहिलं होतं. फळ्यावर मात्र कधीच आणलं नव्हतं. भाची तेव्हा याच घरात होती. त्या खुर्चीवर काकांच्या मांडीवर बसूनच ती अक्षरं शिकली होती. पुस्तकात त्या वाक्याखाली तिनं स्वाध्याय घातला होता : अशी आणखी तीन वाक्यं तयार करा.

बाईंचा हात थांबला. त्यांनी भाचीकडे पाहिलं. तिच्या तोंडावर नुसती घाई होती. अजून सात पानं उरली होती.

बाईंनी त्या वाक्यावर रेघ मारली. मग दुसरी, तिसरी, शाईखाली एक अक्षर दिसेनासं होईपर्यंत.

"ते चुकलं होतं?" भाचीनं विचारलं.

"नाही."

उरलेली सात पानं बाईंनी सावकाश तपासली. शेवटी भाचीच्या नावाखाली 'तपासले' असं लिहिलं, सही केली आणि पुस्तक तिच्याकडे सरकवलं.

"मावशी, एकतीसवर जागा रिकामी राहिली. तिथं काय घालू?"

"ते तुझं तू लिही."

भाचीनं पेन हातात घेतलं. ऊन टेबलावरून खाली उतरलं तरी तिला एक वाक्य सुचलं नव्हतं.