अर्ध्या आयुष्याचे टायर

केरसुणीखाली रबराच्या पट्ट्या आल्या आणि नोएमीचा हात थांबला. लांब, काळ्या, शेवयांसारख्या वळलेल्या पट्ट्या. काल संध्याकाळी दुकान झाडून ती घरी गेली तेव्हा यातलं काही नव्हतं. म्हणजे ती गेल्यावर कोणीतरी कोरणी तापवून टायरांत खाचा पाडल्या होत्या. आणि त्या दुकानात कोरणी धरणारा हात एकच होता, तिच्या बापाचा.

खाचा पाडण्यात तसं नवल नव्हतं. टायर घासून पार गोटा झाला की तापल्या पात्यानं त्यावर नव्या खाचा कोरायच्या, म्हणजे मातीत तो पुन्हा पकड घेतो. एल साउसाल गावाच्या आसपासचे गुरांवाले आपल्या खटाऱ्यांना असेच टायर घालत, कारण ते खटारे कुरणाबाहेर पडतच नसत. नियम एकच होता आणि मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतातल्या प्रत्येक टायरवाल्याला तो ठाऊक होता. कोरलेल्या टायरला आतल्या बाजूनं तांबडा पट्टा मारायचा आणि त्याला डांबरावर जाऊ द्यायचं नाही. कोरल्यावर आतल्या पोलादी तारांवर रबर उरतं ते कागदाएवढं. जुलैच्या उन्हात, भरल्या गाडीखाली, तो कागद किती वेळ टिकणार?

तिनं तांबड्या रंगाचा डबा उचलला. झाकण वाळून चिकटलेलं होतं, कित्येक दिवसांत कोणी उघडलेलं नव्हतं. ती मागच्या भिंतीकडे गेली. गुरांवाल्यांसाठी ठेवलेले चार गोटा टायर तिथून नाहीसे झाले होते आणि त्यांच्या जागी दुसरेच चार पडले होते. ते तिनं लगेच ओळखले. चायोच्या गाडीचे जुने टायर.

चायो म्हणजे तिची कोमाद्रे. नोएमीच्या लेकाला बाप्तिस्म्याच्या वेळी जिनं हातात धरलं ती, सख्ख्या बहिणीपेक्षा जवळची. दर गुरुवारी गावातली दुखणाईत माणसं गाडीत भरून ती एर्मोसीयो शहरातल्या इस्पितळात नेत असे. आज गुरुवार होता.

तिचा म्हातारा बाप आत बसून न्याहारी करत होता. सुक्या मांसाची भुर्जी, पातळ मोठी तोर्तिया, काळी कॉफी. त्याचं, म्हणजे डॉन एलेउतेरिओचं, नाव चार गावांत होतं. टायरला जगवावं ते त्यानंच, असं लोक म्हणत. पहाटेच्या गारव्यात हवा भरा, मागचे पुढे नि पुढचे मागे फिरवत राहा, एका कडेनं घासायला लागला तर त्याच दिवशी माझ्याकडे आणा, असं तो येईल त्याला बजावत असे. 'टायर आपण होऊन मरत नाही, माणसं त्याला मारतात,' हे त्याचं आवडतं वाक्य. नोएमी ते ऐकतच मोठी झाली होती.

"अपा, चायोच्या गाडीला तुम्ही काय घातलंत?"

"अर्ध्या आयुष्याचे. निम्मे झिजलेले, निम्मे शिल्लक." त्यानं मान वर केली नाही. "पाटीवर लिहिलंय तेच."

"मागचे चार गोटे कुठं गेले?"

"कॉफी घे आधी. सकाळी सकाळी फौजदारासारखी काय उभी राहतेस?"

"कोरलेत ना तुम्ही ते?"

म्हाताऱ्यानं तोर्तियाचा तुकडा मोडला, भुर्जीत बुडवला, सावकाश चावला. ते सावकाश चावणं बघून नोएमीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तिचे जुने बघितलेस का?" तो म्हणाला. "कडेनं तारा बाहेर आल्यात. नवे घेण्याची तिची ऐपत नाही. तशीच जाणार होती बाई. मी म्हटलं, मेलेल्यापेक्षा अर्धमेला बरा. अजून एक उन्हाळा काढतील. माझा हात आहे त्यावर."

"तिला सांगितलंत, कोरलेत म्हणून?"

"सांगितलं असतं तर घेतले असते का तिनं?"

हे तो अगदी सरळपणे बोलला. नोएमीच्या तोंडून सगळं एकदम बाहेर आलं.

"लाज नाही वाटत? माझ्या पोराची माद्रिना आहे ती, धर्माची आई! गाडीत म्हातारी दोन्या कुका बसलीय, पायाला पट्ट्या बांधलेली. ती नववा महिना लागलेली गरोदर पोरगी बसलीय. टायर फुटायचाच म्हटला तर कुठं फुटणार तो? वळणावर? ट्रकसमोर?"

"चायो हळू चालवते."

"जळो तुमचं हळू!"

"नोएमी." आता त्यानं वर पाहिलं. "जाऊन बोंब ठोकलीस तर या दारात पुन्हा कुत्रं फिरकणार नाही. माझ्या नावावर चाललंय हे दुकान. तुझं पोट त्यावर आहे."

"तुमचं नाव तिच्या चाकाखाली आहे आत्ता," ती म्हणाली आणि भिंतीवरची किल्ली ओढून बाहेर पडली.

पिकअप तिनं अशी काढली की खडी दारावर उडाली. चायोला फोन लावला, वाजून वाजून बंद पडला. गाडी चालवताना चायो फोन घेत नसे. कधीच नाही. एरवी नोएमी त्याचं कौतुक करायची, आज तिनं त्याला शिव्या घातल्या. मग बापाला घातल्या, मग स्वतःच्या आईला, जिनं असल्या माणसाशी लग्न केलं. रस्ता टेकड्यांतून वळत जात होता, दोन्ही बाजूंना निवडुंग, आणि मध्येमध्ये फाटलेल्या टायरांची लक्तरं. रोज दिसणारी ती लक्तरं आज तिला बघवेनात. प्रत्येक वळण आलं की ती ब्रेकवर पाय ठेवायची, आणि वळणापलीकडे मोकळा रस्ता दिसला की पुन्हा राग चढायचा.

बापाचा राग तिला जास्त कशाचा आला होता? त्यानं फसवलं याचा होताच. पण त्याला ते फसवणं वाटतच नव्हतं, याचा अधिक. टायर जगवता जगवता या माणसाला एवढंच उरलं होतं, की टायर जगला पाहिजे. वर बसलेलं माणूस जगलं काय, मेलं काय.

टेकड्या उतरल्यावर रस्त्याचं काम चाललं होतं. एक बाजू खणून ठेवलेली, एकाच बाजूनं आळीपाळीनं गाड्या सोडत होते. टोपीखाली फडकं बांधलेला निशाणवाला उन्हात उभा होता आणि त्याच्यापुढे गाड्यांची रांग. रांगेच्या मधोमध चायोची हिरवी गाडी. नोएमीनं पिकअप रस्त्याच्या कडेला घातली, हत्यारांच्या पेटीतून पंक्चर काढायची टोकदार आरी घेतली आणि पळत सुटली.

"अगं बाई!" चायोनं खिडकीतून डोकं काढलं. "माझ्यावाचून करमेना का, कोमाद्रे? की तुझ्या अपानं टायरांचे उरलेले पैसे मागायला पाठवलं?"

"उतर. सगळ्यांना उतरव."

"काय झालं?"

"हे टायर मेलेले आहेत, चायो. गोटे होते. अपानं रात्री खाचा कोरल्यात. तारांवर काही उरलेलं नाही. उतर म्हणते ना!"

चायो हसली. खरंच हसली. "डॉन एलेउतेरिओनं? मला? माझ्या बापाच्या गाडीचे टायर त्यांनी सांभाळलेत, नोएमी. बापलेकीचं भांडण झालंय तुमचं, दिसतंय तोंडावर. ते मला कशाला सांगतेस?"

"बघ तरी खाली उतरून!"

"मला काय कळतंय त्यातलं? काळं आहे, गोल आहे, खाचा आहेत."

मागच्या सीटवरून दोन्या कुका म्हणाली, "पोरी, डॉक्टर दुपारी उठून जातो. घरचं भांडण घरी कर गं."

पुढे निशाण हललं. रांग सुटायला लागली. चायोनं गाडी गिअरमध्ये टाकली. "संध्याकाळी ये घरी, जेवायला. मग सांग काय ते."

नोएमी खाली बसली आणि पुढच्या टायरच्या बगलेत आरी मुठीपर्यंत घुसवली.

हवा सुटली तशी गाडीतली पोरगी किंचाळली. चायो दार उघडून बाहेर आली आणि सगळ्या रांगेसमोर तिनं नोएमीच्या थोबाडीत दिली. "वेडी झालीस? माणसं घेऊन चाललेय मी! कशी जाऊ आता? तुझ्या डोक्यावर बसवून नेऊ?" मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. कोणी तरी ओरडलं, "बायांनो, केस बाजूला जाऊन ओढा!"

नोएमीनं गाल चोळला नाही. चायोचं मनगट धरून तिला खाली ओढलं, गुडघ्यावर बसवलं. आरीचं टोक एका खाचेच्या तळाशी लावून तिनं नुसतं उचकटलं. जोर लागलाच नाही. दुधावरची साय निघावी तसं रबर निघालं आणि खाली तार चकाकली. तिनं शेजारच्या खाचेत टोक लावलं. तिथंही तार.

चायोनं तारेवर बोट ठेवलं आणि चटका बसून मागं घेतलं. उठली, मागचं दार उघडलं, दोन्या कुकाला खांद्याचा आधार देऊन उतरवलं, पोरीला उतरवलं, दोघींना पिकअपच्या सावलीत बसवलं. निशाणवाल्यानं आपली पाण्याची बाटली दिली. मग चायो परत आली.

"मी काल रात्री त्यांचे हात हातात घेऊन थँक्यू म्हटलं," ती म्हणाली. "त्यांच्यासाठी कोयोता आणल्या होत्या, भाजलेल्या, गूळ भरलेल्या. खाल्ल्या म्हाताऱ्यानं माझ्यासमोर. म्हणाला, देव तुझं भलं करो."

"चायो..."

"तू गप्प बस. मी मेले असते तर माझ्या मयतीला आला असता तो, पांढरा सदरा घालून. आणि तुझ्या लेकाला कोणी सांगितलं असतं? तू?" तिनं डोळे पुसले, रागानंच पुसले. "आणि मला एक सांग. हे त्यानं पहिल्यांदाच केलं, हे तुला कोणी सांगितलं?"

कोणीच सांगितलं नव्हतं. नोएमी ते धरूनच चालली होती. वाळलेल्या झाकणाचा डबा तिच्या हाताला पुन्हा जाणवला. गुरांवाले तर दर महिन्याला येत होते, गोटे टायर ढिगानं निघत होते, आणि पट्टा मारायला रंग मात्र लागत नव्हता.

थांबलेल्या हिरव्या गाडीला वळसा घालून रांग पायी चालल्यासारखी पुढे सरकत होती. नोएमी उभी राहिली आणि चेहऱ्यांकडे न बघता फक्त चाकांकडे बघू लागली. कारखान्यातून आलेल्या टायरवर मोठ्या खाचांच्या मध्ये बारीक चिरा असतात, केसासारख्या. कोरणीला त्या जमत नाहीत. कोरलेल्या टायरवर नुसत्या मोठ्या खाचा, आणि त्याही नीट बघितल्या तर किंचित हलत गेलेल्या. ट्रक गेला, चिरा होत्या. भाजीवाल्याची गाडी गेली, चिरा होत्या. मग एक पांढरी गाडी आली, टपावर गाद्या बांधलेल्या, मागच्या काचेला पोरांची नाकं चिकटलेली. चिरा नव्हत्या.

"थांबवा त्याला!" ती ओरडली. निशाणवाला नुसता बघत राहिला. चायोनं मात्र वाट पाहिली नाही, धावत जाऊन बॉनेटवर दोन्ही हात आपटले.

"काय गं बायांनो, लुटता की काय?" आतला माणूस चिडून म्हणाला.

"दादा, हे टायर कुठून घेतले?" नोएमीनं विचारलं.

"एल साउसालहून. का?"

"कोणाकडून?"

"डॉन एलेउतेरिओकडून. ईस्टरच्या सुमाराला. अर्ध्या आयुष्याचे आहेत, चांगले आहेत. त्याचा माल म्हणजे बघायला नको."

पोरं मागून विचारत होती, पोचलो का, पोचलो का. चायो त्या माणसाला उतरायला सांगत होती, आधी नीट, मग ओरडून. नोएमी दोन पावलं बाजूला गेली आणि तिनं दुकानाचा फोन लावला. म्हाताऱ्यानं पहिल्याच घंटीला उचलला.

"सापडली का?" त्यानं विचारलं. "बरी आहे ना ती?"

"चायो जिवंत आहे. आता कागद-पेन्सिल घ्या अपा. ज्यांना ज्यांना न सांगता कोरलेले विकलेत त्यांची नावं सांगायला लागा. एकूण एक. मी शोधत जाणार आहे."

पलीकडे खण ओढल्याचा आवाज आला.

"पोरी," म्हातारा म्हणाला, "कोणत्या वर्षापासून सांगू?"