इंटरव्हलनंतरची गोष्ट

मधुसूदन आणि प्रेमिला दर शनिवारी एका तिकिटात सिनेमा पाहत. अर्धा त्यानं, अर्धा तिनं. इंटरव्हलला बाहेर पडणाऱ्याला टॉकीजवाले गेटपास देत. परत येणारा तोच आहे की दुसरा, हे दरवान बघत नसे. पास दिसला की त्याचं काम झालं. टॉकीजसमोरच्या पानठेल्याशी प्रेमिला रवीला कडेवर घेऊन उभी राही. मधुसूदन तिला पास देई आणि पोरगं घेई. घाईघाईत पिक्चरची सुरुवात सांगे, ती आत जाई, आणि धंतोलीतल्या खोलीवर परतताना ती शेवट सांगे.

रवीला सिनेमा आवडत नसे. एकदा आत नेला होता, तेव्हा त्यानं आपलं मत इतक्या मोठ्यानं मांडलं की मागच्या रांगेतल्या लोकांनी त्याच्या आईबापांविषयीही मतं मांडली. हल्ली त्याला दाढा येत होत्या आणि तो रात्रभर रडे, असं प्रेमिला म्हणे. मधुसूदनची झोप गाढ असल्यामुळे त्याला ही माहिती ऐकीव होती.

कचेरीत सोमवारी सकाळी कामाला हात लागत नसे, कारण पिक्चरवर मतं द्यायची असत. हेडक्लार्क चंपतराव यांचं मत शेवटी येई आणि त्यानंतर कोणाला मत राहत नसे.

"हीरो मेला तेव्हा मले काही सुचेच ना," त्या सोमवारी चंपतराव म्हणाले. "डोळे पुसून पुसून दस्ती पुरी ओली."

"हीरो कुठी मरते, चंपतरावजी," मधुसूदन म्हणाला. "दोघं भाऊ एक होतात. मग माय म्हणते, आता सून महिनाभर माहेरी जाते, तुमचं तुम्ही रांधून खा. नदीकाठी माहेर असते सुनेचं. थोच शेवट आहे."

चंपतरावांनी चष्मा काढून पुसला.

"तू सोता पाह्यला काय गा हा शेवट?"

"इंटरव्हलनंतर बायको पाहते. तिनं सांगितला."

"मी काही म्हणून नाही राहिलो," चंपतराव खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "नुसतं विचारतो. जे बाई शेवटपर्यंत टॉकीजात होती, तिले शेवट काहून माहीत नाही?"

एवढं बोलून ते फाईल वाचू लागले. चंपतराव फाईल वाचताहेत म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे सगळ्यांना कळलं.

मधुसूदनला मागचे शेवट आठवू लागले. पिक्चर दरोडेखोराचा असो की डॉक्टरचा, शेवटी नायिका माहेरी जायची. माहेर नदीकाठी असायचं आणि तिथं स्वयंपाक दुसरंच कोणी करायचं. प्रेमिलाचं माहेर खाप्याचं होतं. कन्हान नदी तिच्या घरामागून वाहायची. खाप्याचं कोणी हल्ली नागपुरात आलं आहे काय, असा प्रश्न त्याला दुपारी पडला, आणि संध्याकाळपर्यंत त्या प्रश्नाला मिशा फुटल्या. शिवाय टॉकीजमधून ती बाहेर येई तेव्हा तिच्या एका गालावर लाल रेघ असे आणि वेणीतली फुलं एकाच बाजूनं चुरगळलेली असत. याकडे त्यानं आजवर नवऱ्याच्या नजरेनं पाहिलं होतं, म्हणजे पाहिलंच नव्हतं.

"परवाच्या पिक्चरात शेवटी कोण कोण होतं वं?" घरी आल्यावर त्यानं विचारलं.

"सगळेच होते."

"तू कुठी बसली होती?"

"खुर्चीवर. काहून?"

"असंच."

पुढच्या शनिवारी त्यानं पानठेल्याशी पास दिला, पोरगं घेतलं, आणि ती आत गेल्यावर स्वतःसाठी नवीन तिकीट काढलं. अर्धा पिक्चर झालाय म्हणून बुकिंगवाल्यानं दर कमी केला नाही, फक्त त्याच्याकडे संशयानं पाहिलं. रवीला खांद्याशी धरून तो अंधारात रांगा तपासू लागला.

"बैठ ना गा भाऊ. का पिक्चरमधी काम करून राहिला तू?" कोणीतरी म्हणालं.

प्रेमिला कडेच्या खुर्चीत सापडली. बाजूला मोठा कूलर घरघरत होता. तिनं पाय वर घेतले होते, गाल खुर्चीच्या लाकडी हातावर टेकला होता, आणि ती झोपली होती. शेजारची खुर्ची रिकामी होती. मधुसूदननं ती दोनदा नीट पाहिली.

तो तिच्या मागच्या रांगेत बसला. पडद्यावर नायकाच्या बापानं नायिकेच्या बापावर गोळ्या झाडल्या, आणि मग दोघं जुने मित्र निघाले. प्रेमिला हलली नाही. आश्चर्य म्हणजे रवीही त्या गारव्यात झोपला. शेवटी राष्ट्रगीत लागलं तशी ती ताडकन उठली आणि डोळे न उघडताच ताठ उभी राहिली. गीत संपताच मधुसूदन गर्दीतून आधी बाहेर पडून पानठेल्याशी जाऊन थांबला.

"काय झालं शेवटी?" ती आल्यावर त्यानं विचारलं.

"काय व्हायचं आहे. दोघांचे बाप भांडून भांडून थकले. मग पोरगी म्हणाली, मी चालली मामाच्या गावाले. मामी मोठी चांगली होती तिची. कोणत्याच कामाले हात लावू दे ना."

"नदी होती काय?"

"होती ना. तुम्हाले कसं माहीत?"

"असतेच," मधुसूदन म्हणाला.

सोमवारी त्यानं कचेरीत हाच शेवट छातीठोकपणे सांगितला. चंपतराव पुन्हा फाईल वाचू लागले.

त्याच्या पुढच्या शनिवारी मधुसूदननं टॉकीजपाशी तिकीट तिच्या हातात ठेवलं. "आज तूच पाह्य पुरा पिक्चर. मी रवीले पाहतो."

प्रेमिलानं तिकिटाकडे पाहिलं, मग त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडे.

"काहून? तुम्ही कुठी चालले?"

"कुठी नाही. इथंच आहो."

"असं कधी केलं नाही तुम्ही."

"आता करून राहिलो."

ती आत गेली. जाताना तिनं तीनदा मागे वळून पाहिलं. इंटरव्हलला गेटपास घेऊन बाहेर आली, तो पानठेल्याशीच उभा आहे याची खात्री केली, आणि परत गेली.

पिक्चर सुटला तेव्हा तिचे डोळे जागून लाल झाले होते. गालावर रेघ नव्हती. वेणीतली फुलं जशीच्या तशी होती. तिनं चालता चालता शेवट सांगितला, मारामारी आणि कोर्टातल्या साक्षींसकट. सोमवारी चंपतरावांनी सांगितलेल्या शेवटाशी तो तंतोतंत जुळला. त्यात माहेर नव्हतं, आणि नदीही नव्हती.

त्याच्या पुढच्या शनिवारी मधुसूदन पहिल्यासारखा एकटाच आत गेला आणि इंटरव्हल होताच पास घेऊन बाहेर आला. प्रेमिलानं त्याला पोरगं दिलं आणि निश्चिंत मनानं झोपायला गेली.