पाचवा चिंचोका

ललिता चौथीत जाईपर्यंत गावानं तिला तीन नावं ठेवली होती: भिंगरी, वावटळ आणि "बुधाजीची ती". तिच्या आईला, पंचफुलाला, तिन्ही ठाऊक होती आणि तिन्ही झोंबत. पोरगी मीठ आणायला निघायची आणि वाटेत कुणाचं तरी अडकलेलं वासरू सोडवून परत यायची. मीठ नाही ते नाहीच, वर एक चप्पलही गायब. मारून झालं, समजावून झालं. एकदा तर पंचफुलानं तिला लुगड्याच्या चिंधीनं खाटेच्या पायाला बांधलं. पोरगी रडली नाही, नुसती थरथरत बसली. पंचफुलानं स्वतःच गाठ सोडली आणि पुन्हा कधी बांधलं नाही.

तिचा बाप बुधाजी अकोल्याला कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनात कामाला होता. होळीला घरी आला तेव्हा म्हणाला, "यंदा नापास झाली का शाळा बंद. वावरात नेत जाय तिले, कपाशी वेचाले."

पंचफुला स्वतः आठव्या वर्षापासून कपाशी वेचत आली होती. बोंडांनी सोललेली आपली बोटं लेकीला द्यायची नाहीत, एवढं तिला पक्कं कळत होतं.

तिच्या वर्गाचे रामराव मास्तर सांगत, "पंचफुलाबाई, पोरीले येते सगळं. पन एक गनित केलं का उठून खिडकीत. बसनंच होत नाही तिच्यानं."

होत नाही तर जबरदस्तीनं बसवायचं कशाला? पंचफुलानं घरात एक हेरलं होतं. दोन कामं सांगितली की दोन्ही बुडत. एकच सांगून "झालं का मले येऊन सांग" म्हटलं, की पोरगी करून धावत यायची.

"मास्तर, पेपरात गनितं किती रायतात?"

"पाच."

"मंग एक झालं का तिले पानी प्याले बाहेर येऊ द्या. मी दारात उभी राहीन."

"तसा कायदा नाही, बाई."

"पानी प्याले कोनता कायदा लागते, मास्तर?"

मास्तरांनी होकाराची मान हलवली.

परीक्षा तिवस्याच्या शाळेत होती. पंचफुला पहाटेच लेकीला घेऊन चालत निघाली, डोक्यावर पाण्याची कळशी. शाळेच्या दाराशी तिनं ललिताच्या मुठीत पाच चिंचोके ठेवले. "एक गनित झालं का एक चिंचोका मले आनून दे. पानी पी, अन् परत जाय."

पहिला चिंचोका लगेच आला. दुसराही. तिसऱ्याच्या वेळी पोरगी पायरीवरच्या मुंग्या बघत उकिडवी बसली. पंचफुला ओरडली नाही, नुसतं "ललिता, परत" म्हणाली. चौथा आला. तिला पाहून दुसरीही पोरं पाणी प्यायला येऊ लागली. पंचफुलाच्या लहानपणी शाळेच्या माठाला तिला हात लावू देत नसत. आज ती ओतत होती आणि पोरं ओंजळी पुढं करत होती, ती कोणाची कोण, हे कुणी विचारलं नाही.

पाचवा चिंचोका मात्र येईना. एकेक पोरगं पेपर देऊन निघालं. पंचफुलाचा जीव टांगणीला लागला. मागच्या खिडकीतून उडी मारून पळाली की काय? आता काय सांगू हिच्या बापाला? तिच्यानं राहवेना. ती खिडकीशी गेली.

ललिता जागेवर होती. एक पाय सारखा हलत होता, वेणीचं टोक तोंडात, आणि ती लिहीत होती. पहाऱ्यावर रामराव मास्तरच होते. ते खिडकीशी येऊन हळूच म्हणाले, "पाची झाली केव्हाच. दुसरं चुकलं म्हनून पुन्हा करून राहिली. मी म्हटलं, जाय, पानी पिऊन ये. तिले आयकूच आलं नाही."

पंचफुला कळशीपाशी परत आली आणि सकाळपासून पहिल्यांदा स्वतः पाणी प्यायली.

घंटा झाली. ललिता धावत आली, पण तोंड पडलेलं होतं.

"माय, पाचवा चिंचोका कुठी हरवला वं माह्याकून. मारशीन?"

पंचफुलानं तिला पोटाशी धरलं. पोरगी क्षणभर तिथं राहिली, मग सुटून वाटेला पळाली. आज पंचफुलानं तिला हाक मारली नाही.